कुकर आणि तीन छापील जगं

त्याला सगळे कुकर म्हणायचे, आणि हे नाव ठेवणारी त्याची सख्खी थोरली बहीण. पहिल्या शिट्टीला कान लाल, दुसरीला आवाज वर, तिसरीला समोरच्याने गुपचूप खोली सोडायची, हा हिशेब तिनेच लहानपणी बसवला होता. पुढे तो लिफ्ट दुरुस्त करायला लागला, केस विरळ झाले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी नाव काही सुटलं नाही. सुटावं असं वागणंही नव्हतं म्हणा. लिफ्ट बंद पडली की लोक बटण दाबत सुटतात, आणि हा आला की त्याच्या डोळ्यांदेखत परत दाबून दाखवतात, "बघा, चालत नाही." एवढ्यावर त्याची पहिली शिट्टी व्हायची. "चालत असती तर मी इथे तुमचं तोंड बघायला आलो असतो का?" असं म्हणून तो हत्यारांची पेटी दाणकन जमिनीवर ठेवायचा. काम मात्र चोख. म्हणून लोक ऐकून घ्यायचे.

ताई त्याच्या अगदी उलट. ती रुग्णवाहिकेच्या फोनवर कामाला होती. पलीकडून कुणीतरी किंचाळत असायचं, आणि ही शांतपणे म्हणायची, "आधी पत्ता सांगा, मग रडा." शहरातला रस्तान् रस्ता, बोळन् बोळ तिच्या जिभेवर. घरी आली की दिवसभरात फोनवर ऐकलेलं सगळं नकला करून सांगायची. एकाच नावाचे दोन रस्ते असले की कुठल्या रस्त्यावर गाडी पाठवायची, यावर ती जेवण थंड होईपर्यंत बोलू शकायची. कुकर चिडला की ती हसायची, आणि ती हसली की त्याची वाफ निघून जायची. त्या घरात राग हे खातंच त्याच्याकडे होतं. तिला त्याची गरज पडली नाही, निदान सगळ्यांचा समज तसा होता.

दोघांनाही वेड होतं शनिवारच्या खेळाचं. खेळ सोपा आहे, माणसं तो अवघड करतात. एकजण चालवणारा. तो सांगतो, तुम्ही वेशीपाशी आलात, दार बंद आहे, आत कुत्रं भुंकतंय. बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने बोलतात, आम्ही भिंत चढतो, आम्ही पहारेकऱ्याला फसवतो. जमलं की नाही ते फासे ठरवतात. पण ती वेस कुठल्या गावाची, तिथला राजा कोण, देव किती, हे दर आठवड्याला डोक्यातून काढायचं म्हणजे वेड लागायची पाळी. म्हणून अशी जगंच्या जगं छापून विकत मिळतात. नकाशे, घराणी, लढाया, पावाचा भावसुद्धा.

चालवणारा अर्थात कुकर. खेळणारी तिघं, ताई, शिंपी आणि दातवाली. दातवाली म्हणजे दातांची डॉक्टर, तोंडाने फटकळ. शिंपी गणवेश शिवायचा, आणि त्याच्या दुकानामागच्या खोलीत खेळ चालायचा, कारण कापायचं एवढं मोठं टेबल दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. त्याच टेबलावर शिंपी कापडाच्या खडूने नकाशा काढायचा. कोटाची काळी बटणं म्हणजे शत्रू आणि पहारेकरी, शर्टाची पांढरी म्हणजे आपण. इस्त्रीची वाफ सगळ्यांच्या कपड्यांना लागायची आणि खेळून आलेला माणूस वासावरून ओळखू यायचा.

इतकी वर्षं ते एकाच जगात खेळत होते. जाडजूड पाच खंडांचं ते जग, आणि त्यातलं मुख्य शहर वेल्मार. त्या वेल्मारमध्ये नाव नसलेली एक मोरी सापडायची नाही. तांबट गल्ली, आंधळ्या घंटेचा चौक, तीन विहिरींचा उतार. या टेबलाचा एक कायदा होता, नाव चुकलं, डाव गेला. छापलेलं नाव चुकीचं घेतलंस की तुझी पाळी संपली, मग तुझं पात्र कड्यावर लटकत का असेना. हा कायदा ताईचा. "माझ्याकडे रस्त्याचं नाव चुकलं तर माणूस जातो," ती म्हणायची, "इथे नुसता डाव जातोय, रडू नका." आणि तिने कधी कुणाला सोडलं नाही. दातवालीचा ऐन रंगात आलेला डाव एका उताराच्या नावापायी गेला होता, त्याचा राग तिने पुढे कित्येक महिने धरला.

मग मागच्या वर्षी एका सकाळी दात घासताना ताईच्या हातून ब्रश पडला. मेंदूत गुठळी. जीव वाचला, उजवा हात हळूहळू वळायला लागला, पाय चालले. शब्द तेवढे गेले. म्हणजे आत होते, सगळं कळत होतं, पण जिभेवर येता येता वाटेत हरवायचे. चमचा हवा असला की "ते... ते..." करत बोट दाखवायची, आणि "चमचा" असं कुणी म्हटलं की मान फिरवायची. फोनवर शंभर माणसांना पत्ता विचारणारी बाई स्वतःच्या घराचा पत्ता सांगू शकेना.

कुकरच्या अंगाचा तिळपापड झाला. राग कुणावर, ते त्यालाही सांगता आलं नसतं. डॉक्टरांवर निघाला, ब्रशवर निघाला, भेटायला येऊन मोठमोठ्याने बोलणाऱ्या नातेवाइकांवर निघाला. "बहिरी नाहीये ती!" असं तो मावशीवर इतक्या जोरात ओरडला की मावशी परत आल्याच नाहीत.

एक दिवस काहीच सुचेना म्हणून तो तिच्यापाशी बसून वेल्मारचा खंड मोठ्याने वाचत होता. "तांबट गल्ली संपली की..." म्हणून पान उलटायला थांबला, आणि ताई म्हणाली, "आंधळ्या घंटेचा चौक." अख्खं. न अडखळता. जशी पूर्वी म्हणायची तशी. कुकर पुस्तक मांडीवर ठेवून ढसाढसा रडला.

बोलणं शिकवायला येणाऱ्या बाईंना त्याने हे धावत जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "छान आहे. घोकून पाठ झालेलं असतं ते असं आपोआप येतं. पण ते बोलणं नव्हे हं, ते वेगळं." यातलं "छान आहे" एवढंच कुकरच्या कानात शिरलं. तेव्हापासून त्याने धरूनच ठेवलं. सकाळी चहाचा कप तिच्यापुढे ठेवायच्या आधी, "ताई, तांबट गल्लीनंतर?" संध्याकाळी कामावरून आला की बूट काढता काढता, "आणि चौकातून डावीकडे?" ती सांगायची. तो "शाब्बास" म्हणायचा. त्याचा पक्का हिशेब होता, एक एक नाव धरून तो तिला वर ओढून काढणार. वेल्मार आहे तोवर ताईला वाचा आहे. वेल्मार गेलं की उरलंसुरलंही गेलं.

त्यामुळे त्या शनिवारी जे झालं त्याने त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

झालं असं की वेल्मारमधली त्यांची लांबलचक मोहीम आदल्या आठवड्यात संपली होती. आता नवी सुरू करायची. कुकर नेहमीचे पाच खंड काखेत मारून आला, तर टेबलावर आधीच दोन पुस्तकं मांडलेली.

"हे काय?" कुकर म्हणाला.

"जगं," दातवाली म्हणाली. "दुसरीपण आहेत म्हणे दुनियेत."

"वेल्मारला काय झालं?"

"वेल्मारला काही झालं नाही, कुकर. आम्हालाच झालंय. मला त्या चौकातली एकेक फरशी पाठ आहे. मला आता माझ्या दवाखान्याइतकाच कंटाळा येतो त्याचा."

शिंपी कातरीला तेल घालत होता. तो मान वर न करता म्हणाला, "बघायला काय हरकत आहे? पूर्वी बघायचो की."

कुकरने पहिलं पुस्तक उचललं. काळं वेष्टण, त्यावर मोडकी तलवार. हे राखेचं जग. त्याने उभ्याउभ्याच पानं फडफडवली. "पहिल्या पानावर देव मेले. दुसऱ्यावर सूर्य विझला. तिसऱ्यावर आशा संपली. मग उरलेली तीनशे पानं छापली कशाला? शोकसभेचं आमंत्रण म्हणून?" ते आपटून त्याने दुसरं घेतलं. ते शाळेच्या वहीएवढं बारीक. आत नकाशा, नकाशात एक किनारा, दोन नद्या आणि बाकी सगळं पांढरं. खाली लिहिलेलं, इथे काय आहे ते तुम्हीच ठरवा. "आम्हीच ठरवा?" कुकर कडाडला. "मग या गृहस्थाने काय केलं? मी गिऱ्हाइकाला लिफ्टची नुसती पेटी देऊ आणि सांगू, दोर तुम्हीच आणा? आणि याला जग म्हणायचं! वेल्मारमध्ये मोरीलासुद्धा नाव आहे!"

"म्हणूनच," दातवाली म्हणाली.

दुसरी शिट्टी झाली होती. तिसरी होणार एवढ्यात ताईने डाव्या हाताने टेबलावर टकटक केलं आणि पुस्तकांवरून बोट फिरवलं. एक, दोन, तीन. मग पोटावर हात ठेवला.

सगळ्यांना कळलं. ही त्यांची जुनी पद्धत. नवं जग घ्यायचं की नाही यावर चर्चा करत बसायची नाही. प्रत्येक जगात तोच एक प्रसंग खेळून बघायचा. संध्याकाळची वेळ, गावाची वेस, एक भुकेली परकी बाई दाराशी येते आणि पाव मागते. कुठलं जग तिला काय उत्तर देतं, त्यावरून त्या जगाची परीक्षा. भुकेली व्हायचा मान ताईचाच असायचा. कुकरला बरंच वाटलं. त्याला वाटलं, आता होऊनच जाऊ दे, वेल्मारपुढे कोण टिकतंय.

शिंप्याने वेस काढली. काळं बटण पहारेकरी, पांढरं ताई.

"वेल्मारची उत्तर वेस," कुकर म्हणाला आणि पहारेकऱ्याचा जाड आवाज काढला, "कोण गं तू? कुठून आलीस?"

"आंधळ्या घंटेचा चौक," ताई म्हणाली. स्पष्ट. कुकरने दातवालीकडे असं बघितलं की तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर उठून गेलं असतं.

"चौकातून इथे यायचं तर वाटेत काय लागतं?" त्याने लगेच पुढचं विचारलं. हे काही पहारेकरी विचारत नसतो. हे रोज सकाळी चहाआधी विचारलं जायचं.

ताईने तोंड उघडलं. "तीन..." म्हणाली, आणि अडकली. कपाळावर आठ्या आल्या. "तीन... घंटांचा... उतार."

दातवाली आपल्या नखांकडे बघायला लागली. शिंप्याला एकाएकी कातरीत काहीतरी दिसलं. कुकर जराही न थांबता गोड आवाजात म्हणाला, "बरोबर, बरोबर! विहिरींचा उतार. शाब्बास ताई. तर पहारेकरी म्हणतो..."

"नाही," ताई म्हणाली.

"काय नाही?"

"चुकलं." तिने स्वतःचं पांढरं बटण उचलून टेबलाच्या कडेला ठेवलं. "डाव... गेला."

"अगं, चालतंय ताई. तुझ्यासाठी..."

"नाही चालत!" तिने टेबलावर असा हात मारला की टाचण्यांची डबी उलटली. तिला इतकं चिडलेलं त्यांच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं, कुकरने तर जन्मात नाही. शिंपी खाली वाकून टाचण्या गोळा करू लागला. कुकरला काय बोलावं सुचेना, म्हणून त्यालाच राग आला. दातवालीचा आला. हिने ही पुस्तकं आणली नसती तर हे झालंच नसतं.

राखेचं जग लगेच आटपलं. तिथल्या पहारेकऱ्याने पुस्तकात सांगितल्याप्रमाणे प्रश्न न विचारताच बाण सोडला. "संपलं," कुकर म्हणाला. "हे डॉक्टरीणबाईंचं आवडतं जग. पाव मागायला जा आणि मरा." दातवालीने खांदे उडवले. तिला स्वतःलाही ते फारसं रुचलेलं दिसलं नाही.

राहिलं कोरं जग. कुकरने तो बारका जिन्नस दोन बोटांत धरून उघडला. "वेस," तो म्हणाला. "वेशीला नाव नाही. गावाला नाव नाही. पहारेकऱ्याला नाव नाही, त्याच्या आईने ठेवलंच नसावं. तो विचारतो, कोण तू? कुठून आलीस?" आवाजात इतका खवचटपणा होता की शिंप्याने त्याला पायाने ढोसलं.

ताईने खडू उचलला. डाव्या हाताने वेशीपासून एक वाकडी रेघ ओढली, ती टेबलाच्या कडेपर्यंत नेली, आणि कडेवरून खाली हवेत सोडून दिली.

"लांबून," दातवाली पुटपुटली.

"पाव नाहीये," पहारेकरी म्हणाला. "जा."

ताईने आपलं बटण काळ्या बटणाला अगदी चिकटवून ठेवलं. "बसते," म्हणाली.

"इथे बसायचं नाही."

"बसते."

आणि तिला ठसका लागला. आधी बारीक, मग जोराचा. ती टेबलाला धरून खोकायला लागली, चेहरा लाल झाला, डोळ्यांत पाणी आलं. गुठळीनंतर गिळताना तिला कधीकधी असं व्हायचं, आणि ते कुकरला जागेपणीही भेडसावायचं. तो खुर्ची पाडून उठला. "पाणी! पाणी आण ना, बघतोयस काय!" म्हणत स्वतःच मोरीकडे धावला, ग्लास भरून, निम्मं सांडत परत आला.

तोवर ताईचं खोकणं थांबलं होतं. पांढरं बटण वेशीच्या आत होतं. काळं बटण एकटंच दाराशी उभं होतं, आणि ताई हाताच्या तळव्यावर फासे खुळखुळवत कुकरकडे बघत होती.

"पहारेकरी पाणी आणायला गेला," दातवाली म्हणाली, आणि तिला हसू आवरेना. शिंपी इस्त्रीच्या टेबलावर डोकं ठेवून हसत होता. ताईने फासे टाकले. लागले. मग तीही हसली, पूर्वीसारखी, तोंडावर हात न ठेवता. झटका आल्यापासून तिचं हे पहिलं हसू होतं, आणि कुकरने ते ओळखलंसुद्धा नाही, इतका तो पेटला होता.

"हे असलं खोटं खोकून घाबरवायचं?" तिसरी शिट्टी. "माझा जीव गेला असता! आणि तुम्ही दात काय काढताय? ही मस्करी आहे?"

"खेळ," ताई म्हणाली. तिने ते बारकं पुस्तक पुढे ओढलं आणि त्यावर हात ठेवला. "हे."

"कोरं घेऊ," शिंपी म्हणाला. "मलाही आवडलं."

"माझंही कोरं," दातवाली म्हणाली.

"मतं मोजू नका माझ्यासमोर!" कुकर ओरडला. "तुम्हाला काय जातंय? तुम्ही आठवड्यातून एकदा येता, हसता, घरी जाता. मी रोज तिच्याबरोबर असतो. ताई, ऐक. या भिकार पुस्तकात एक नाव नाही. तुला तिथे बोलायला काय आहे? वेल्मारमध्ये तुला बोलता येतं!"

ताई त्याच्याकडे वळली. मग एक एक शब्द दगडासारखा उचलून ठेवत म्हणाली, "तू... विचारतोस. मी... सांगते. परीक्षा. खेळ... नाही."

कुकरने पाच खंड गोळा केले, काखेत मारले, एक निसटून पडला तो शिंप्याने उचलून दिला. कुणाचा निरोप न घेता तो दुकानाच्या पायरीवर जाऊन उभा राहिला. पण ताईला सोडून जाता येत नव्हतं, तिला घरी न्यायचं त्याच्याकडेच होतं. ती सावकाश आली. दोघं चालायला लागली.

रस्त्यावर दुकानांचे दिवे लागत होते. कुकर तिच्या अर्धं पाऊल पुढे चालत होता आणि मनातल्या मनात शिंप्याचा आणि दातवालीचा पाणउतारा करत होता. कुणाला भीती वाटत नव्हती की ही बोलेनाशी होईल म्हणून. एकालाही. बसथांब्यापाशी त्याला राहवलं नाही. तो वळून म्हणाला, "ताई, मला भीती वाटते गं. ती नावंही गेली तर?"

त्याला वाटलं ती नेहमीसारखी त्याच्या पाठीवर हात ठेवेल. ती जागेवर थांबली. तिचे कान लाल झाले होते.

"मला राग येतो," ती म्हणाली.

"कोणाचा?"

"तुझा."

आणि मग तिने तोंड सोडलं. तिथेच, बसची वाट बघणाऱ्या माणसांसमोर, अर्ध्यामुर्ध्या शब्दांत, मध्ये खिंडारं पडत. "चहा... आधी चौक! रोज. चौक, चौक, चौक. मी काय... पोपट? ते... ते... चमचा मागते. तू... टाळ्या! शाब्बास ताई. शाब्बास! कुणाला... कुणाला म्हणतोस? सगळ्यांसमोर. माझा डाव... तू कोण... मला... माफ करणारा?" श्वास लागला तरी ती थांबेना. बाकावरच्या एका बाईने पिशवी उचलून जागा बदलली. कुकर पाच खंड छातीशी धरून उभा होता. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याच्यावर त्याच्याइतकं चिडलं होतं, आणि त्याला एकही शब्द खोटा म्हणता येत नव्हता.

"मी तुला," ती म्हणाली, "लहानपणी... बोट धरून... चालायला..."

इथे शब्द अडकला. ती हवेत हात हलवत त्याला शोधत होती. कुकरला तो माहीत होता. अगदी जिभेच्या टोकावर होता. त्याने दात आवळून तोंड मिटलं आणि खाली बघत उभा राहिला. बस आली, माणसं चढली, बस गेली.

"शिकवलं," ताई म्हणाली, आणि पुढे बोलत राहिली, कारण तिचं अजून बरंच बाकी होतं.